आधी कोणाकडे जायचं, हे सिस्टरला ठरवू द्या

मला एकदा एका सलाईनवरून लेखी खुलासा द्यावा लागला होता. मी सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, बावीस वर्षं झाली, आणि ती रात्र मला अजून मिनिटामिनिटाने आठवते. मेडिसिनचा पुरुष वॉर्ड, खाटा तीस, पेशंट सेहेचाळीस, म्हणजे सोळा जण खाली गाद्यांवर, आणि आम्ही दोघी, त्यातली एक नुकतीच जॉईन झालेली. पावणेनऊला आधीच्या पाळीकडून ओव्हर घेतली, सव्वानऊला कॅज्युअल्टीतून स्ट्रेचरवर नवीन अ‍ॅडमिशन दारात उभं, खालच्या गादीवरच्या एकाने झोपेत कॅन्युला, म्हणजे शिरेतली सलाईनची सुई, ओढून काढलेली आणि चादरीवर रक्त, दहाची इंजेक्शनं भरायची बाकी, ऑफिसमधून निरोप की उद्याच्या डिस्चार्जचे योजनेचे कागद आत्ताच पूर्ण करून ठेवा, आणि नऊ नंबर खाटेवरच्या पेशंटचा पुतण्या तिसऱ्यांदा टेबलाशी येऊन मोठ्या आवाजात, "सिस्टर, सलाईन संपलीय, कधीचं सांगतोय, माणूस मेल्यावर येणार का?"

मी नऊ नंबरकडेच निघाले होते. मध्ये बावीस नंबर लागतो. साठीचे एक शेतकरी बाबा, चार दिवसांचा ताप म्हणून आदल्या दिवशी आलेले. मुलगा खाटेखाली सतरंजीवर आडवा झालेला, मला थांबलेलं बघून म्हणाला, "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा, दिवसभर खोकत होते, उठवू नका." पण बाबा झोपलेले नव्हते. खांदे वरखाली होत होते, नाकपुड्या फुलत होत्या, मानेवर घाम, आणि बोटं चादरीला सारखी चिमटे काढत होती. मी नाव विचारलं तर म्हणाले, "बैल आत बांधले का?"

श्वास मोजले, पूर्ण एक मिनिट, चौतीस. नाडी ११८, बीपी वरचं १०४, ताप १०१ च्या वर, बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजन ८८. आणि दुपारी चारच्या चार्टवर श्वासाच्या रकान्यात काय लिहिलेलं, तर २०.

मग डोक्याकडची बाजू वर केली, मास्कने ऑक्सिजन लावला, धाकट्या सिस्टरला दारातल्या स्ट्रेचरकडे पाठवलं, रेसिडेंट डॉक्टरला फोन केला, दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा केला, दुसरी शीर मिळवून ठेवली, रक्त काढलं, आणि बाबांना आयसीयूकडे रवाना करून मग नऊ नंबरची बाटली बदलली. पंचवीस मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी तक्रार गेली, तिसऱ्या दिवशी मला पत्र, की रुग्णाची सलाईन पंचवीस मिनिटं उशिरा का बदलली याचा खुलासा चोवीस तासांत करावा. बावीस नंबरचं काय झालं हे त्या पत्रात कुणी विचारलेलं नव्हतं. पण चार वाजता ज्याने कुणी न मोजता २० लिहिलं त्यालाही कुणी काही विचारलं नाही. मला राग पत्राचा आला नाही, याचा आला.

हे सगळं सांगायचं कारण, हॉस्पिटल म्हटलं की आपल्याकडे बोलणं होतं ते मशीनचं, औषधांचं, डॉक्टर जागेवर आहेत की नाहीत याचं, आणि ते व्हायलाच पाहिजे. पण वॉर्डात सेहेचाळीस माणसं एकाच वेळी आजारी असतात आणि त्यांच्याकडे जाणारे पाय चार असतात, तेव्हा ते पाय आधी कोणत्या खाटेकडे वळतात हीच खरी ट्रीटमेंट असते. औषध कपाटात असून माणूस जातो, कारण त्याच्याकडे वेळेत कुणी गेलं नाही. आणि आज आमच्या वॉर्डात हा क्रम सिस्टर ठरवत नाही. तो ठरवतो आवाज, ओळख आणि कागद. माझं म्हणणं एवढंच आहे की तो क्रम पेशंटच्या शरीराने ठरवला पाहिजे, शरीर काय सांगतंय ते वाचणारी माणूस सिस्टर आहे, म्हणून ठरवायचा अधिकार तिला रीतसर, लेखी, सगळ्यांना माहीत असेल असा दिला पाहिजे.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात हो. आधी श्वासाची वाट मोकळी आहे का, मग श्वास कसा चाललाय, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध. ज्याची तब्येत आत्ता बिघडतेय तो जुन्या दुखण्यावाल्याच्या आधी. जे झालं नाही तर जीव जाईल ते, जे झालं नाही तर गैरसोय होईल त्याच्या आधी. परीक्षेत प्रश्न येतो, चार पेशंट दिलेत, आधी कोणाकडे जाल, आणि मुली बरोबर उत्तर लिहितात. मग त्याच मुली वॉर्डात येतात आणि सहा महिन्यांत शिकतात की वीस नंबरचा माणूस अमक्या साहेबांचा आहे त्याचं ड्रेसिंग राऊंडच्या आधी झालं पाहिजे, जो ओरडतोय त्याच्याकडे आधी जा नाहीतर तो व्हिडिओ काढेल, आणि रजिस्टर अर्धवट असेल तर नोकरीवर येतं पण श्वास मोजला नसेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या मुलींचं काही चुकत नाही, ज्याची शिक्षा होते ते माणूस टाळतो.

नातेवाइकांना मी दोष देत नाहीये. त्या पुतण्याला खरंच वाटत होतं की सलाईन संपली की नळीतून हवा जाते आणि माणूस जागच्या जागी जातो. अर्ध्या महाराष्ट्राला असं वाटतं, मी सुशिक्षित लोकांना मध्यरात्री बाटलीकडे बघत घामाघूम झालेलं पाहिलंय. नुसती वर टांगलेली बाटली असते तेव्हा ती संपली की नळीतलं पाणी खाली उतरत उतरत शिरेतल्या दाबाशी बरोबरी झाली की थांबतं, फार तर थोडं रक्त उलटं नळीत चढतं, सुई ब्लॉक होते, मग ती बदलावी लागते, पेशंटला परत टोचावं लागतं, हा त्रास आहे आणि तो होऊ नये हे खरं. पण चौतीसने श्वास घेणाऱ्या माणसापुढे तो थांबू शकतो. हे त्या पुतण्याला अ‍ॅडमिशनच्या वेळी दोन मिनिटं बसवून कुणी सांगितलं असतं तर तो तीनदा ओरडत आला नसता. सांगायचं कुणी, तर सिस्टरने, आणि सिस्टरकडे ती दोन मिनिटं नाहीत. त्याचा एकच पेशंट असतो, तो त्याचा काका असतो, त्याने ओरडायचं नाही तर काय करायचं?

आता श्वासाबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण माझ्या मते आपल्या वॉर्डांतला सगळ्यात मोठा रोग त्या एका रकान्यात आहे. टीपीआर चार्ट, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा तक्ता, कुठलाही उघडा, ताप बदलता दिसेल, नाडी बदलती दिसेल, श्वास मात्र २०, २०, २०, २२, २०. मोठ्या माणसाचा आरामात असतानाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो म्हणून हा आकडा लिहायला सोपा. मशीन बीपी देतं, मशीन ऑक्सिजन देतं, श्वास मात्र अजूनही डोळ्यांनी मोजावा लागतो, घड्याळ धरून, पूर्ण मिनिट, आणि पेशंटला कळू न देता, कारण मोजतोय म्हटलं की माणूस श्वास बदलतो. आम्हाला शिकवलेली युक्ती अशी की मनगट धरूनच ठेवायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं, आणि नजर छातीवर ठेवायची. माणूस बिघडायला लागला की सगळ्यात आधी बदलणाऱ्या गोष्टींत हा श्वास असतो, ऑक्सिजनचा आकडा पडायच्या आधी, बीपी पडायच्या तर कितीतरी आधी. फुफ्फुस बिघडलं तरी वाढतो, रक्तात जंतू पसरले तरी वाढतो, किडनी बसली, साखर चढून अ‍ॅसिड झालं तरी वाढतो. फुकटात मिळणारी एवढी मोठी खबर आपण रोज न मोजता खोटी लिहितो. होय, खोटी लिहितो, आमच्याच पेशातली मी बोलतेय, आणि बोलताना मला वाईट वाटतंय. पण हिशोब करा, सेहेचाळीस पेशंट, प्रत्येकी एक मिनिट नुसता श्वास, म्हणजे पाऊण तास, त्यात ताप, नाडी, बीपी धरलं की दोन-अडीच तास, आणि हे एका पाळीत दोनदा व्हायला हवं. दोघींनी.

तसंच नाडीचं. बाळंतिणींच्या वॉर्डात असताना एक इन्चार्ज सिस्टर होत्या, आता रिटायर झाल्या, त्या आम्हाला बीपीचं मशीन आणू द्यायच्या आधी विचारायच्या, "नाडी किती? पॅड बघितलं का? पोटावर हात ठेवला का?" डिलिव्हरीनंतर गर्भाशय बेंबीखाली क्रिकेटच्या बॉलसारखं कडक लागलं पाहिजे, मऊ लागलं की आत रक्त चाललंय समजायचं. बाईचं बरंच रक्त गेलं तरी तिचं शरीर बीपी धरून ठेवतं, नाडी मात्र पळायला लागते. म्हणजे १२० नाडी आणि ११० बीपी असलेली बाई, जी फक्त "जरा गरगरतंय" म्हणते, भिंतीकडे तोंड करून पडून असते, ती शेजारच्या टाक्यांनी विव्हळणाऱ्या बाईच्या आधी. विव्हळणारीला दुखतंयच, तिलाही गोळी द्यायचीय, पण दुसरी. त्या सिस्टरांनी हे आम्हाला हात धरून दाखवलं, अक्षरशः माझा हात पेशंटच्या पोटावर ठेवून. त्यांना कुणी कधी विचारलं नाही की क्रम तुम्ही का ठरवला, कारण तेव्हा वॉर्डात इन्चार्ज सिस्टरचा शब्द चालायचा. आज इन्चार्जचा दिवस रजिस्टरं, इंडेंट म्हणजे स्टोअरकडे सामान मागायचे कागद, आणि मीटिंगांत जातो.

मग अधिकार द्यायचा म्हणजे काय करायचं? नुसतं "सिस्टरचं ऐका" असं परिपत्रक काढून काही होत नाही. त्यासाठी एक साधं हत्यार आहे. इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये धोक्याची आगाऊ सूचना देणारा एक स्कोअर आणला, न्यूज (NEWS) म्हणतात त्याला, २०१७ मध्ये सुधारला. त्यात काही जगावेगळं नाही. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप, या सहा गोष्टींना शून्य ते तीन मार्क, नॉर्मलपासून जितकं लांब तितके जास्त, आणि बाहेरून ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखी दोन. बेरीज पाच झाली की डॉक्टरने तातडीने बघायचं, सात किंवा वर गेली की इमर्जन्सी. आमच्या बावीस नंबरच्या बाबांची बेरीज मी नंतर घरी बसून केली. श्वासाचे तीन, ऑक्सिजनचे तीन, नाडीचे दोन, बीपीचा एक, तापाचा एक, बैलांबद्दल विचारत होते म्हणजे नव्याने आलेला गोंधळ, त्याचे तीन. तेरा. आणि हे तेरा गोळा करायला लागलेली सामग्री म्हणजे बीपीचं मशीन, थर्मामीटर, बोटाला लावायचं यंत्र आणि घड्याळ. एवढं तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही असतं.

या स्कोअरची मला सगळ्यात मोठी किंमत वाटते ती फोनवर. त्या रात्री मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा रेसिडेंट म्हणाले, "सिस्टर, ऑक्सिजन लावा, येतो थोड्या वेळात." ते वाईट डॉक्टर नव्हते, आदल्या सकाळपासून उभे होते, दुसऱ्या वॉर्डात त्यांचा दुसरा पेशंट तसाच होता. मी म्हटलं पेशंट बरा दिसत नाहीये, आणि माझं हे वाक्य त्यांच्या कानाला तसंच लागलं जसं मला पुतण्याचं लागलं, आणखी एक आवाज. "बावीस नंबर, स्कोअर तेरा" असं म्हणायची सोय असती आणि त्या आकड्याचा अर्थ आम्हा दोघांना हॉस्पिटलने एकसारखा शिकवलेला असता, तर तीन फोन लागले नसते. आणि ते आले नाहीत तर वरच्या डॉक्टरांना थेट फोन करायची मुभा मला लेखी असायला हवी, त्यावरून नंतर कुणी "आमच्या डोक्यावरून गेलात" म्हणायचं नाही. किती नर्सेस रात्री तीन वाजता फोन हातात धरून, करू की नको करू, मागच्या वेळी ओरडले होते, असा विचार करत उभ्या असतात हे बाहेरच्यांना माहीत नाही.

लोक म्हणतील तुम्ही जीव वाचवायचं सांगताय, पण वॉर्डात साधी अंगाला हात लावायची कामं तरी कुठे होतात, ती तर नातेवाईकच करतात. बरोबर आहे, आणि यावर मला मनापासून बोलायचंय. कूस बदलणं, तोंड स्वच्छ करणं, भरवणं, बेडपॅन देणं, अंग पुसणं, याला आम्ही बेसिक नर्सिंग म्हणतो आणि मग बेसिक म्हणजे कमी प्रतीचं असं समजून मावशींवर सोडतो, मावशी नसल्या की सुनेवर. यामागे नुसती माणसांची कमतरता नाहीये. घाणीला हात लावणारा खालचा, ही आपल्या समाजातली जुनी कीड आहे, ती पांढरा ड्रेस घालून जात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने पुण्यात बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, परक्याच्या अंगाला हात लावायचा, तोही कुठल्याही जातीच्या, हे तेव्हाच्या घरांतून बाहेर पडलेल्या बायकांना किती जड गेलं असेल विचार करा. त्यांनी ते केलं, आणि आता शंभर वर्षांनी आम्ही शिकलेल्या मुली ती कामं "आमची नाहीत" म्हणतो तेव्हा आपण मागे चाललोय.

कारण ही कामं जिवावरचीच असतात. अर्धांगाचा पेशंट घ्या. सकाळी सून प्रेमाने चहात बिस्किट कुस्करून, सासऱ्यांना सपाट झोपवूनच, चमच्याने भरवते. त्यांना गिळता येत नाहीये, ते तिला कळत नाही, चहा थोडा थोडा फुफ्फुसात उतरतो, आवाज पाण्यासारखा घोगरा येतो, आणि तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया. केसपेपरवर न्यूमोनिया लिहिलं जातं, चहा कुठेच लिहिला जात नाही. सिस्टरने पहिल्या दिवशी बसवून, एक चमचा पाणी देऊन, खोकला येतो का, आवाज बदलतो का बघितलं असतं, सुनेला दाखवलं असतं की बसवून हनुवटी खाली करून कसं द्यायचं किंवा डॉक्टर सांगेपर्यंत तोंडाने काही द्यायचंच नाही, तर पुढचे महागडे अँटिबायोटिक लागलेच नसते. इन्सुलिनचंही तसंच. सातला इंजेक्शन टोचलं आणि नाश्त्याची गाडी नऊला आली, मध्ये पेशंट शांत, घामेजलेला, "झोपलेत, झोपू द्या." साखर उतरलेला माणूस झोपलेलाच दिसतो. बेसिक काम आणि जीव वाचवायचं काम अशी दोन वेगळी कपाटं नाहीतच, भरवताना, पुसताना, कूस बदलतानाच सिस्टरला कळतं की हा माणूस कालच्यापेक्षा वेगळा आहे. अंगाला हात लावणंच बंद झालं तर कळणार कसं?

आणि हे आपल्याकडे होऊच शकत नाही असं कुणी म्हणू नये. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात तिथल्याच नर्स अरुणा शानभाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या, बेचाळीस वर्षं. पिढ्यानपिढ्या नर्सेसनी त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलली. २०११ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातसुद्धा नोंद आहे की इतक्या वर्षांत त्यांना बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, झाला नाही. ज्यांनी घरी आजारी माणूस सांभाळलाय त्यांना विचारा, पंधरा दिवसांत माकडहाडावर कातडी लाल होते. हे गर्दीने भरलेल्या, सरकारी पैशावर चालणाऱ्या हॉस्पिटलातल्या नर्सेसनी केलं, कारण ती त्यांची स्वतःची सहकारी होती आणि तिला सांभाळायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. प्रत्येक पेशंटला तेवढं मिळायला हात पुरत नाहीत. पण कसं करायचं हे आम्हाला येत नाही असं मात्र म्हणता येणार नाही.

हातांची गोष्ट निघाली तर आकडे सांगते. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात जनरल वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स, इतर हॉस्पिटलात पाचांमागे एक, आणि वर रजेसाठी ३० टक्के. तीनाला एक म्हणजे तीन पाळ्यांत वाटली तर एका पाळीला एका नर्सकडे साधारण नऊ पेशंट येतात. आमच्याकडे त्या रात्री तेवीस-तेवीस होते. परदेशात यावर मोठी मोजमापं झालीत, संशोधक लिंडा एकेन यांच्या टीमने २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला अभ्यास नऊ युरोपीय देशांतल्या ३०० हॉस्पिटलांचा, ऑपरेशन झालेल्या चार लाखांवर पेशंटचा होता, त्यात दिसलं की नर्सकडे एक पेशंट वाढला की पेशंट महिनाभरात दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. एक पेशंट वाढला तर. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदाच केला, २००४ पासून लागू झाला, आज तिथे मेडिसिन-सर्जरीच्या वॉर्डात एका नर्सकडे पाचांपेक्षा जास्त पेशंट देता येत नाहीत. तिथले पगार, तिथला पैसा वेगळा, मला कळतं. पण इथे मुली शिकून तयार आहेत, जीएनएमचा डिप्लोमा झालेल्या, नर्सिंगची बीएस्सी झालेल्या, अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर राबतायत नाहीतर जर्मनीत नोकरी मिळावी म्हणून जर्मन शिकायच्या क्लासला जातायत. भरती होत नाही, म्हणून त्या वॉर्डात नाहीत.

आणि भरती होईपर्यंत निदान आहेत त्या हातांतलं कागदाचं काम काढून घ्या. एका पाळीत आमचा किती वेळ पेशंटजवळ जातो आणि किती टेबलाशी, हे कुणीतरी एकदा घड्याळ लावून बघावं. स्टोअरचं इंडेंट, चादरींची मोजदाद, योजनेच्या फाईलला पेशंटचे फोटो, जेवणाची यादी, एक्स-रेला पेशंट न्यायला माणूस शोधणं, रक्तपेढीला धावणं, यातलं कुठलंच काम नर्सिंगचं नाही. प्रत्येक वॉर्डाला एक क्लार्क आणि पाळीला दोन मामा-मावशी दिले तर न भरती करता अर्धी नर्स मिळाल्यासारखी आहे.

"सिस्टर मोबाईलवर असतात, उद्धट बोलतात" हेही ऐकते मी, आणि नाही म्हणणार नाही. काही असतात. माझ्या डोळ्यांदेखत एका म्हातारीला पाणी मागितलं म्हणून कुणीतरी फटकारलंय आणि मी तेव्हा गप्प राहिले, ते मला आजही खुपतं. अशांना जाब विचारलाच पाहिजे. पण जाब कशाचा, तर बाटली किती मिनिटांनी बदलली याचा नको, श्वास मोजला होता का याचा विचारा. बिघडणारा पेशंट कधी लक्षात आला, स्कोअर किती होता, फोन किती वाजता केला, डॉक्टर किती वाजता आले, हे लिहिलेलं असू दे, आणि त्यावरून आम्हाला तपासा. आज काय होतं, अधिकार काहीच नाही आणि जबाबदारी सगळी. नोव्हेंबर २०२१ मध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड आयसीयूला आग लागली, कमीत कमी अकरा पेशंट गेले, आणि पुढच्या काही दिवसांत डॉक्टरबरोबर तिथल्या नर्सेसनाही अटक झाली. कोणाची काय चूक हे ठरवायला कोर्ट आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण वायरिंग, फायर ऑडिट, भरती, खाटांची संख्या यातलं काही ज्यांच्या हातात नव्हतं त्या सगळ्यात आधी पकडल्या गेल्या हे राज्यभरातल्या नर्सेसनी बघितलं, आणि त्या दिवसापासून कितीतरी जणी पेशंटच्या आधी स्वतःचं रजिस्टर सांभाळायला लागल्या.

माझा खुलासा मी दिला. पानभर लिहिलं, सगळे आकडे वेळेसकट, आणि शेवटी लिहिलं की पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा आधी बावीस नंबरकडेच जाईन. साहेबांनी वाचून फाईलला लावला, पुढे काही झालं नाही. बाबा अकरा दिवसांनी घरी गेले. जाताना मुलाने विचारलं, "तुम्हाला कसं कळलं हो सिस्टर, मी तर शेजारीच होतो." मी त्याला तिथेच मनगट कसं धरायचं, छातीकडे कसं बघायचं ते दाखवलं, त्याच्या घड्याळावर.

तेच इथे वाचणाऱ्यांना सांगते, कारण आज ना उद्या तुम्ही कुणाच्या तरी उशाशी बसणार आहात. सलाईन संपली तर सांगा, जरूर सांगा, एकदा सांगा. पण माणूस नेहमीपेक्षा भरभर श्वास घेतोय, बोलताना वाक्य तोडतोय, असंबद्ध बोलतोय, हाक मारली तरी नीट जागा होत नाहीये, अंगाला गार घाम आहे, सकाळपासून लघवी झाली नाहीये, बाळंतिणीचं पॅड भराभर भिजतंय, यातलं काहीही दिसलं तर उठा, टेबलाशी या आणि जोरात सांगा. आणि दुसऱ्या कुणाच्या खाटेजवळ सिस्टर वाकून घड्याळाकडे बघत उभी दिसली तर तेवढं एक मिनिट तिला हाक मारू नका, ती श्वास मोजतेय.